६०० ग्रॅमचा ताळेबंद

प्रिय ताई,

मी ४१ वर्षांची, राहणार कन्नमवार नगर, विक्रोळी. फोर्टातल्या एका बँकेत नोकरी. घरी नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. उंची ५ फूट २ इंच, १ जानेवारीला वजन ७८ किलो. मे महिन्यात भावाचं लग्न आहे म्हणून जिम लावली. ट्रेनर म्हणाला, "मॅडम, तीन महिन्यांत दहा किलो, गॅरंटी." आठवड्यातून पाच दिवस, ऑफिसमधून आल्यावर ४५ मिनिटं ट्रेडमिलवर चालते. एकही दिवस बुडवलेला नाही. खाण्यात काही बदल केला नाही, डाएट वगैरे घरच्या रगाड्यात जमत नाही, पण पूर्वीपेक्षा जास्तही खात नाही. दुसऱ्या आठवड्यात जिमचा काटा ७९ वर गेला, तेव्हा घरी येऊन बाथरूममध्ये रडले. आज सहा आठवडे झाले. वजन ७७.४. फक्त ६०० ग्रॅम! मिस्टर म्हणतात, "एवढ्यासाठी वर्षाची फी भरलीस? नुसतं चालून काय होतं?" मुलीने दिलेल्या घड्याळात रोज साडेतीनशे-चारशे कॅलरी जळाल्याचं दिसतं. मग त्या जातात कुठे? माझ्या शरीरातच काही बिघाड आहे का? थायरॉईड असेल? चालणं दुप्पट करू, की सरळ सोडून देऊ? एवढं खरं की भाजीची पिशवी घेऊन चौथ्या मजल्यावर चढताना (आमच्याकडे लिफ्ट नाही) आता मध्ये थांबावं लागत नाही. पण त्याचं काय करायचं?

– विक्रोळीची एक वाचक

ता.क. सासूबाई (वय ६८, शुगर आहे) म्हणतात, मलाही चालायला ने. नेऊ का?

* * *

तुम्ही बँकेतल्या, म्हणून आधी हिशेबच मांडते.

७८ किलो वजनाची बाई ताशी पाच किलोमीटरच्या चालीने ४५ मिनिटं चालली, तर ढोबळमानाने २०० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ५०-६० तर तुम्ही तेवढा वेळ सोफ्यावर बसून मालिका पाहिली असतीत तरी जळल्याच असत्या, कारण हृदय, मेंदू, यकृत यांचा धंदा चोवीस तास चालू असतो. म्हणजे चालण्याची निव्वळ कमाई साधारण १५०. घड्याळ हे सगळं एकत्र करून दाखवतं, वर आपल्या अंदाजाने थोडं फुगवतंही. त्यावर रागावू नका, पण त्याच्या आकड्यावर विसंबून काही खाऊही नका.

आता सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे ३० दिवस. ३० गुणिले १५० म्हणजे ४,५०० कॅलरी. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरींचा साठा. ४,५०० भागिले ७,७०० करून पाहा. ५८४ ग्रॅम येतात.

तुमचं उतरलंय ६००.

ताळेबंद जुळला की नाही? तुमच्या शरीरात बिघाड नाही. त्याने पै न् पैचा हिशेब चोख ठेवलाय. (इतका तंतोतंत जुळावा यात थोडा योगायोगही आहे, कारण वजनाचा काटा एका दिवसात सहज किलोभर इकडेतिकडे होतो. त्याबद्दल पुढे सांगते.) चुकलं ते तुमचं चालणं नाही, चुकली ती ट्रेनरने दिलेली तारीख.

ती तारीखही तपासून घेऊ. तीन महिन्यांत दहा किलो म्हणजे ७७,००० कॅलरी. ९० दिवसांत भागल्या तर रोज ८५५. एवढ्या नुसत्या चालून जाळायच्या तर रोज सव्वाचार तास चालावं लागेल, रविवारची सुद्धा सुट्टी न घेता. म्हणजे सकाळची स्लो लोकल सोडून द्यायची आणि विक्रोळीहून थेट सीएसएमटीच्या आसपास चालत जायचं. रोज. आणि संध्याकाळी परत यायला ट्रेन, नाहीतर हिशेब चुकेल. ट्रेनरने हे गणित केलं नसणार. त्यालाही महिन्याचं टार्गेट असतं. जानेवारीत कुठल्याही जिममध्ये ट्रेडमिलसाठी रांग असते आणि मार्चमध्ये त्याच ट्रेडमिलच्या दांड्यावर टॉवेल वाळत असतात. वर्षाची फी भरून घेण्याची घाई का असते ते यावरून समजून घ्या.

तुम्ही अजून जाताय. सहा आठवड्यांत एकही दिवस न बुडवणाऱ्या बायका माझ्याकडे फार कमी येतात.

आता त्या ७९ बद्दल, कारण तुम्ही त्यावर रडलात. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मांड्या भरून आल्या होत्या ना? पोटऱ्या दुखत होत्या, स्टेशनचा ब्रिज उतरताना कठडा धरावा लागत होता? वर्षानुवर्षं न वापरलेल्या स्नायूंना अचानक काम लावलं की त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून काढायला शरीर तिथे पाणी धरून ठेवतं. शिवाय रोज चालायचंय हे कळलं की स्नायू आपल्या कोठारात जास्त साखर साठवू लागतात, आणि त्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. शंभर-दीडशे ग्रॅम साठा वाढला की अर्धा किलो वजन तिथेच वाढलं. त्यात पाळी जवळ आली असेल तर आणखी भर. म्हणजे काट्यावर जो एक किलो चढला तो पाण्याचा होता. तुमच्या आधीच्या खाण्यावर एक किलो चरबी चढवायची तर त्या आठवड्यात ७,७०० कॅलरी जास्तीच्या खायला हव्या होत्या. वडापावच्या भाषेत सांगायचं तर पंचवीस-तीस वडापाव, जेवणाव्यतिरिक्त. तुम्ही खाल्लेत का? नाही ना.

व्यायाम सुरू करणाऱ्याला ही एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला हवी आणि कोणी सांगत नाही: सुरुवातीला वजन वाढू शकतं. सगळ्यांचं वाढतं असं नाही, पण वाढलं तर ते अपयश नसतं. किती बायका दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच सोडतात, निव्वळ या पाण्यापायी.

आणि तुम्ही वजन करता तेही जिमच्या काट्यावर, संध्याकाळी, बहुधा बूट घालून. रेल्वे स्टेशनांवरची ती जुनी वजनाची यंत्रं आठवतात? काचेमागे रंगीत दिवे लुकलुकायचे, चकती फिरायची, ती थांबली की नाणं टाकायचं आणि खटकन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. लहानपणी आम्ही दोन्ही बाजू सारख्याच श्रद्धेने वाचायचो. एका दिवसाच्या वजनाच्या आकड्याला मी आजही त्या तिकिटाच्या मागच्या बाजूइतकीच किंमत देते. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं, पोट साफ झालं नाही, पाळीचे दिवस आले, की एक-दीड किलो सहज हलतं. घरी साधा काटा घ्या. तो लादीवर ठेवा, पायपुसण्यावर नको. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी उभ्या राहा. आठवड्यातून तीन-चारदा, आणि त्यांची सरासरी वहीत लिहा. तुलना करायची ती मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसांशी. काट्यावर उभं राहण्याची भीतीच वाटत असेल तर काटा घेऊ नका, मोजायची टेप घ्या. तिच्याकडे येतेच.

घामाचंही याच सुरात सांगून टाकते. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, निथळतो, आणि आपल्याला वाटतं चरबी वितळतेय. मी स्वतः छत्तिसाव्या वर्षी टीव्हीवरची जाहिरात बघून पोटाला गुंडाळायचा एक पट्टा मागवला होता. पाऊण तास तो बांधून घरात फेऱ्या मारल्या, काट्यावर ७०० ग्रॅम कमी! आनंदाने कोकम सरबताचे दोन-तीन ग्लास प्यायले आणि वजन परत जागेवर. तो पट्टा अजून माळ्यावर आहे. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जाते हेही तसंच. चरबी कुठून आधी काढायची ते शरीर ठरवतं, आपल्याला विचारत नाही.

"चालणं दुप्पट करू का?" असं विचारलंत. वेळ कुठून आणणार हा प्रश्न बाजूला ठेवला तरी माझं उत्तर नाही असंच आहे. टांझानियात हाडझा नावाची जमात आहे, अजूनही शिकार करून, कंदमुळं खणून जगणारी. दिवसभर पायपीट. त्यांचा दिवसाचा कॅलरी-खर्च शास्त्रज्ञांनी मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. शरीराचा आकार लक्षात घेतला तर तो शहरात खुर्चीत बसून काम करणाऱ्या पाश्चात्त्य माणसांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही! म्हणजे शरीर काटकसरी आहे. तुम्ही एकीकडे खर्च वाढवलात की ते दुसरीकडे हात आखडतं. दीड तास चालून आलेली बाई मग संध्याकाळभर पाय वर करून बसते, भांडी उद्यावर टाकते, पाण्याचा ग्लासही मुलीकडून मागवते. भूकही वाढते. "एवढी चालले, एक गुलाबजाम तर खाईन" हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की ते छापून भिंतीवर लावावं. तुम्ही ते म्हटलं नाहीत, खाणं वाढवलं नाहीत, म्हणून तर तुमचे ६०० ग्रॅम खरोखर उतरले. पुष्कळांचे तेवढेही उतरत नाहीत.

मग वजन उतरतं कशाने? मुख्यतः ताटातून. हे कटू आहे, पण व्यायामाकडून वजनाची जबाबदारी काढून घेतली की व्यायामही सुखाने जगतो आणि आपणही. तुम्ही म्हणता डाएट जमत नाही. नकाच करू. स्वतःपुरती वेगळी भाकरी, वेगळी भाजी, रात्री नुसतं सूप, हे चार माणसांच्या घरात पंधरा दिवस टिकतं आणि सोळाव्या दिवशी आपणच स्वयंपाकघरात उभ्याने फोडणीचा भात खातो. मला तुमच्या घरातल्या दोनच गोष्टी बघायच्या आहेत.

पहिली चहा. सकाळी घरी एक, ऑफिसात दोन, संध्याकाळी आल्यावर एक. चार कप धरते, बँकेत काम करणाऱ्या बाईचे याहून कमी मी ऐकलेले नाहीत. कपात दोन चमचे साखर. आठ चमचे झाले, सपाट धरले तरी ३०-३२ ग्रॅम, म्हणजे सव्वाशे-एकशे तीस कॅलरी. चमचे शिगोशीग असतील तर दीडशेच्या वर. आता वरचा हिशेब आठवा. ४५ मिनिटं ट्रेडमिलवर घाम गाळून मिळाल्या १५०. चहातली साखर जवळजवळ तेवढीच आहे, आणि तीही आठवड्याचे सातही दिवस! एकदम बंद करू नका, जीभ बंड करते. पंधरा दिवस दीड चमचा, मग एक, मग अर्धा. ऑफिसच्या मशीनमधला चहा आधीच गोड येतो, त्याला बिनसाखरेचं बटण असेल तर ते दाबा, नसेल तर तो कप सोडा. त्या चहाला तशीही काही चव नसते.

दुसरी तेल. तुमच्याकडे महिन्याला तेलाचा किती लिटरचा डबा लागतो? पाच लिटरचा असेल तर चार माणसांत रोज माणशी ४० मिलिलिटरच्या वर जातं, म्हणजे तेलातूनच साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. तीन लिटरवर आणलंत तर माणशी २५ मिलिलिटर, आणि रोजच्या सव्वाशे-एकशे चाळीस कॅलरी वाचल्या. नवऱ्याच्याही, सासूबाईंच्याही. वाटीने तेल ओतायचं नाही, चमच्याने मोजायचं, एवढाच नियम. महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन लिटर वेगळं काढून ठेवायचं आणि पंचवीस तारखेला संपलं तर पाच दिवस भाजून-उकडून खायचं. बँकेतल्या बाईला बजेट कसं पाळायचं ते मी शिकवायला नको.

तिसरी गोष्ट म्हणत नाही, फक्त जाता जाता: डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची काचऱ्यांची भाजी असं असेल तर त्या भाजीच्या जागी मटकीची उसळ, नाहीतर बाजूला दही, उकडलेलं अंडं. पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि चार वाजता भेळेसाठी पाय खाली वळत नाहीत.

आता नवीन हिशेब. साखर आणि तेल मिळून रोजच्या साधारण २७० कॅलरी, आठवड्याच्या १,९००. चालण्याच्या ७५०. एकूण २,६५०. म्हणजे आठवड्याला सुमारे ३५० ग्रॅम. लग्नाला अजून बारा-तेरा आठवडे आहेत. कागदावर चार किलो होतात, तुम्ही हातात तीन धरा. मध्ये पाहुणे येतील, होळीची पुरणपोळी आहे, मुलीची परीक्षा आहे, आणि लग्नघरात केळवणं सुरू झाली की कोणाचंच काही चालत नाही. पुढे वजन जसं कमी होईल तसा खर्चही थोडा कमी होतो, हलक्या शरीराला चालायला कमी इंधन लागतं. एखाद्या महिन्यात काटा हलणारच नाही. दहा किलो हवेत तर वर्ष धरून चाला. तोवर एक जवळचा टप्पा आहे: तुमच्या वजनाचे पाच टक्के म्हणजे चार किलोच्या जरा आत. एवढं उतरलं तरी रक्तदाब आणि साखरेवर चांगला फरक दिसू शकतो. फोटोत दिसणार नाही, रिपोर्टात दिसेल.

लग्नाचा ब्लाउज मात्र आजच्या मापाने शिवायला टाका. "कमी होईनच" म्हणून घट्ट शिवून ठेवू नका, लग्नाच्या सकाळी हुक लागला नाही तर सगळा दिवस जातो. टेलरला आत मार्जिन ठेवायला सांगा आणि एप्रिलअखेर एकदा बाजू आत घेऊन आणा. शिलाई आत घेताना होणारा आनंद मी तुमच्यावरच सोडते.

थायरॉईडचं विचारलंत. टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या, आणि रक्त देताच आहात तर हिमोग्लोबिन आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) सुद्धा. पण थायरॉईड निघालंच तरी त्याने वाढणारं वजन बहुतेकांत दोन ते पाच किलोंच्या घरातलं असतं आणि त्यातही बरंचसं पाणी नि मीठ असतं. सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. चालताना छातीत दडपल्यासारखं होत असेल, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येत असेल, चक्कर येत असेल, तर मात्र हे सदर बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा.

आणि आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही शेवटी "पण त्याचं काय करायचं" म्हणून झटकून टाकलंत. भाजीची पिशवी घेऊन चार मजले न थांबता! जानेवारीत कुठे थांबत होतात? दुसऱ्या मजल्यावर, पिशवी कठड्यावर टेकवून, मोबाइल बघतोय असं दाखवत? आम्ही सगळ्याच तसं करतो. सहा आठवड्यांत हृदयाने आणि पायांनी जे कमावलं ते हे आहे, आणि जगातला कुठलाही काटा ते दाखवत नाही.

तुमच्या मिस्टरांना लंडनच्या बसची गोष्ट सांगा. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने तिथल्या बस-ट्रामच्या हजारो कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर डबलडेकरचा जिना दिवसातून पाचशेहून जास्त पायऱ्या चढून-उतरून. घरं सारखी, पगारात फार फरक नाही. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता. लोक म्हणाले, ड्रायव्हर जाडे असतील म्हणून. मॉरिसने दोघांच्या युनिफॉर्मच्या पँटींची कंबरेची मापं काढली. ड्रायव्हरांच्या कंबरा मोठ्या निघाल्या खऱ्या, पण पुढे असंही दिसलं की बारीक असो, मध्यम असो की सुटलेला असो, कंडक्टरचा धोका कमीच होता. म्हणजे वजन उतरो न उतरो, जिना आपलं काम करत होता. (आपल्या बेस्टच्या जुन्या डबलडेकरमध्ये वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असायचे, म्हणून हा अभ्यास मुंबईत एवढा झकास जमला नसता.) "नुसतं चालून काय होतं?" याला हे उत्तर आहे. सोबत मोजायची टेप त्यांच्या पोटाला लावा. आपल्या लोकांसाठी धोक्याची रेघ पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० आहे. नाभीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता. ९० च्या वर निघाले तर दुसऱ्या दिवसापासून तेही जिममध्ये येतील किंवा निदान बोलायचे तरी थांबतील.

टेपचा आग्रह एवढ्यासाठी की भारतीय शरीराला काटा नीट ओळखत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपण अंगाने बारीक दिसलो तरी आत चरबी बाळगून असतो, आणि स्नायू कमी. तुमचा बीएमआय ३१ च्या वर आहे, तेव्हा वजन उतरवायला हवंच, ते मी गोड बोलून झाकत नाही. पण त्याबरोबर स्नायू वाढवायला हवेत, आणि ते ट्रेडमिलवर वाढत नाहीत.

म्हणून चालण्याचे पाच दिवस तीन करा आणि दोन दिवस वजनं उचला. वर्षाची फी भरलीच आहे तर ट्रेनरकडून तीच वसूल करा: "मला पाय, पाठ, छाती आणि खांदे यांचे चार-पाच व्यायाम शिकव, हलक्या वजनाने, मागे उभा राहून चुका दाखव." तारीख विचारू नका, तो परत देईल. वजनं उचलून बायका पहिलवान होतात ही भीती सोडा. एवढ्या सहज होत असतं तर पहिलवान आखाड्यात वर्षं घालवते ना. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तुमची मिनिटं २२५ होती, आता १३५ होतील. सीएसएमटीपासून बँकेपर्यंत शेअर टॅक्सी न घेता झपझप चाललात की उरलेली भरून निघतील. पुन्हा अंग आंबेल, पुन्हा काटा थोडा वर जाईल. या वेळी बाथरूममध्ये जायचं नाही, वहीत 'पाणी' असं लिहायचं.

एप्रिल-मेच्या उकाड्यात वेळ सकाळची करता आली तर बघा. जूनमध्ये पाऊस लागला की जिमला जाण्यासाठी गुडघाभर पाण्यातून जायचं नाही, त्या दिवशी आपला जिना आहेच.

आता सासूबाई. जरूर न्या, पण आधी त्यांच्या डॉक्टरना विचारा, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणारी गोळी चालू असेल तर. चालताना साखर उतरू शकते, म्हणून पदराला खडीसाखर बांधलेली असू द्या. त्यांना जिम नको. चौथ्या मजल्यावरून रोज दोनदा चढ-उतार करवून गुडघे दुखवू नका, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं मजल्यावरच्या गॅलरीत फेऱ्या मारल्या तरी जेवणानंतरची साखर आटोक्यात राहायला मदत होते. रविवारी खाली उतरवून मोकळ्यावर न्या. रोज रात्री त्यांचे तळपाय बघा, शुगरवाल्यांना फोड आलेला कळत नाही. आणि चपलेवर चालवू नका, बूट घ्या, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय जरा सुजतात आणि सकाळी घेतलेला बूट रात्री चावतो. "साडीवर बूट? लोक काय म्हणतील!" असं त्या म्हणणारच. तेव्हा एका रविवारी पहाटेची ट्रेन पकडून त्यांना दादरला घेऊन या आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसवा. सहा वाजता तिथून साडीवर पांढरे बूट घातलेल्या आज्या अशा झपाट्याने जातात की बाजूला व्हावं लागतं.